कमिटीवरचा आमचा माणूस

फोन त्यांच्या घरी होता, पण होता तो दोन्ही घरांचा. वाशीतल्या आमच्या इमारतीत समोरासमोर दोन दारं, मधे चार फरशांची जागा आणि खाली उतरणारा जिना. फोन वाजला की मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि आमच्यासाठी असला तर युसूफभाई तिथूनच ओरडायचे, "वहिनी, सातारा!" म्हणजे सासरचा फोन. त्या मंगळवारी मी शाळेत शिकवून येऊन गवार निवडत बसले होते. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग जुबेदाभाभींचा आवाज आला, आणि काय झालंय ते कळायला मला शब्द ऐकावे लागले नाहीत. युसूफभाई दुकानातच गेले. गिऱ्हाइकाला दाराच्या कड्या दाखवत होते, छातीवर हात ठेवून खाली बसले, आणि शेजारच्याने पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तरी फोन वाजला की मी भाजी निवडायची थांबते... हाक येईल म्हणून.

युसूफभाईंचं हार्डवेअरचं दुकान होतं. मूळ गाव खाली रायगडच्या किनाऱ्याला, नारळी-पोफळीतलं. वाशीत चिखलाशिवाय काही नव्हतं तेव्हा ते इथे आले, आणि "या चिखलात घरं होनार, घरांना दारं लागनार, दारांना कड्या लागनार," एवढ्या हिशोबावर त्यांनी दुकान टाकलं. आमचे हे, म्हणजे जाधव, साताऱ्याकडचे. कांदा-बटाटा मार्केटात माथाडींच्या टोळीचे मुकादम. या दोघांचं एकमेकांशी जुळावं असं वरून काहीच दिसत नव्हतं. एकाला मासळीशिवाय घास उतरत नाही, दुसऱ्याला मासळीच्या वासाने शिंका येतात. जुळवलं ते फुटबॉलने. जवळच पावणे गावात एक रंगाचा कारखाना आहे, त्याची टीम मुंबईच्या लीगमध्ये खेळायची. हौशी पोरांची टीम नव्हती ती. खेळाडूंना खेळण्याचाच पगार होता, करार होते, कोच होता, आणि त्या सगळ्यांच्या वर मेहरासाहेब नावाचे एक सेक्रेटरी होते, ज्यांना चेंडू गोल असतो यापलीकडे फारसं माहीत नसावं, असं आमच्या मजल्यावरचं एकमत होतं. कारखान्यामागच्या मैदानाच्या कडेला मातीचा बांध आहे. त्या बांधावर बसून या दोघांनी किती रविवार घालवले, देव जाणे.

पण खरा खेळ मैदानावर नव्हे, आमच्या दारात चालायचा. रविवारी सकाळी दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे. एक चहा आमच्याकडून, दुसरा त्यांच्याकडून. आणि मग कोच नेमायचे. मी कांदा चिरेपर्यंत जुना कोच गेलेला असायचा, डाळ शिजेपर्यंत नवा आलेला असायचा, आणि जेवायला हाक मारेपर्यंत त्यालाही नारळ मिळालेला असायचा. "आवो, ज्याला डिफेन्स लावता येत न्हाई त्याला कोच केला कुनी?" हे विचारायचे. "तुमच्या मेहरानं केला, आनि कुनी?" युसूफभाई म्हणायचे, जणू मेहरासाहेब आमच्या सासरचेच. कारखान्याने कोणता खेळाडू घ्यावा, कोणाला सोडावं, सेक्रेटरीला घरी कधी पाठवावं, सगळे ठराव तिथे मंजूर व्हायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "तुम्ही दोघंच का चालवत नाही टीम?" तर युसूफभाई गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, आमीच चालवतो. फक्त त्यांना अजून म्हायती नाय."

त्या वाईट जानेवारीत, मुंबई जळत होती तेव्हा, या दोन दारांमधलं एकही दार बंद झालं नाही. आमचे हे रात्रंदिवस त्यांच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, "इथं वारा चांगला येतो." असल्या दिवसांनी जे केलं नाही ते पुढे एका फुटबॉल कोचच्या नेमणुकीने केलं. लिहिताना हसू येतं... आणि लगेच राग येतो, दोघांचाही.

झालं असं. एका मोसमात कारखान्याने कोचवर कोच बदलले आणि टीम खालच्या गटात जाता जाता वाचली. बांधावरची माणसं चिडली. मेहरासाहेबांच्या ऑफिसवर मोर्चाच नेला म्हणा ना. मागण्या दोन. एक, बाळाराम मास्तरांना कोच करा. दुसरी, तुमच्या कमिटीवर आमचा एक माणूस घ्या. बाळाराम मास्तर खाडीकाठच्या गावातले, याच टीमचे जुने खेळाडू, मग बरीच वर्षं मुख्य कोचच्या हाताखाली राबलेले. पोरांच्या डब्यात घरची भाकरी नेणारा माणूस. त्यांच्यावर सगळ्यांचा जीव, आमच्या ह्यांचा सगळ्यांत जास्त. मेहरासाहेबांना फुटबॉल कळत नसेल, माणसं बरोबर कळत होती. त्यांनी दुसरी मागणी लगेच मान्य केली आणि पहिली त्याच कमिटीवर सोपवली. कमिटीवर कोणाला पाठवायचं? बांधावरच्या सगळ्यांनी एका आवाजात युसूफभाईंचं नाव घेतलं, आणि ह्यांनी तर त्यांना अक्षरशः खांद्यावर उचललं. घरी येऊन मला म्हणाले, "आता आपला मानूस आत हाय. मास्तर झालाच समज." आपला माणूस म्हणजे आपलंच म्हणणं, यात कोणाला शंका आली नाही. मलाही नाही.

कमिटीत दोघं मास्तरांच्या बाजूने पडले, दोघं गोव्याहून येणाऱ्या एका शिकलेल्या कोचच्या बाजूने. पाचवे युसूफभाई. त्यांनी गोव्याच्या कोचच्या बाजूने हात वर केला.

कोणी कुठे हात वर केला ते बाहेर कळायचं काही कारण नव्हतं. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. पण ते तिथून थेट घरी आले, जिना चढून वर आले, आणि दारातूनच म्हणाले, "जाधव, मास्तर नाय झाला. माज्यामुळं नाय झाला." हे हातातला पेपर तसाच धरून उभे. मग म्हणाले, "साहेबाची खुर्ची लागली व्हय रं बुडाला?" युसूफभाई म्हणाले, "बस, तुला सांगतो." हे म्हणाले, "काय ऐकायचं न्हाई मला. आमी तुला आमच्यासाठी पाठवला हुता." "मला टीमसाठी पाठवला होता," युसूफभाई म्हणाले, तेही आता चढ्या आवाजात. त्यावर आमचं दार आपटलं. मुकादमाच्या हाताने आपटलेलं दार, भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. मी कॅलेंडर उचलून लावलं आणि म्हटलं, उद्यापर्यंत निवळेल.

उद्या निवळलं नाही, परवा नाही, पुढच्या ईदलाही नाही. बांधावर युसूफभाई आले की लोक सरकून बसायचे, जागा द्यायला नव्हे, लांब जायला. मांडवाखाली कमिटीसाठी खुर्च्या असायच्या, तिथेही ते बसले नाहीत. मैदानाच्या पार कोपऱ्यात, जिथून एकच गोल धड दिसतो, तिथे एकटे उभं राहून सगळी मॅच पाहायचे. गोव्याच्या कोचने टीम बुडवली नाही आणि वरही नेली नाही. मधेच राहिली. हरली की दोष युसूफभाईंचा, जिंकली की नशिबाचा. घरात मी बोलायला गेले की हे म्हणायचे, "त्याचं नाव काढू नगंस." पण ईदला समोरून आलेला शीरखुर्मा वाटीत वाढला की निमूट संपवायचे, कोणाकडून आला ते विचारायचे नाहीत, आणि वाटी पुढे करायचे. गणपतीत आमचे मोदक तिकडे जायचेच. आम्हा दोघींचं येणं-जाणं एक दिवस थांबलं नाही. थांबलं ते फक्त वरच्या पायरीवरचं बसणं. रविवारच्या सकाळी इतक्या शांत झाल्या की मला माझ्याच घड्याळाचा आवाज नकोसा व्हायचा.

एकदा जिन्यात मी युसूफभाईंना अडवलं. हातात दोन पिशव्या, दम लागलेला. मी म्हटलं, "भाई, का केलंत असं? सांगा मला, मी ह्यांच्या डोक्यात घालते." त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. म्हणाले, "नाय वहिनी. तुमच्या तोंडून नाय. त्यानं विचारायला पायजे. विचारू दे की एकदा, का केलंस म्हणून... मी उभ्या उभ्या सांगीन." मग हसले. "विचारील तो. साताऱ्याचा हाय, वेळ लागतो." मी भाभींनाही विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "ताई, ते त्यांच्या त्यांच्यात हाय." मी तो विषय सोडला. माणसं कुठे जातात, समोरच्या दारात तर आहेत, असं मला वाटलं असणार.

मंगळवारी संध्याकाळी मार्केटात निरोप गेला तेव्हा हे कपडे न बदलता तसेच आले, अंगावर पोत्याची धूळ. डोक्याला रुमाल बांधला आणि जनाज्याबरोबर निघाले. पुढचं मला इमारतीतल्या लोकांनी सांगितलं. तिकडे खांदा सारखा बदलतात, प्रत्येकाला पुण्य मिळावं म्हणून. लोक येत, ह्यांच्या दंडाला हात लावत, हे मान हलवत आणि सोडत नसत. शेवटी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "राहू द्या त्यांना." घरी आल्यावर अंघोळ केली, जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दुपारी मार्केटला जाताना जिन्यात दिसला हुता. सलाम केला त्यानं. मी पायरी बघत उतरलो." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि मला त्यांची कीव येत होती आणि त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

आता गेल्या रविवारचं सांगते, म्हणजे हे लिहायला का बसले ते कळेल. गोव्याचा कोच करार संपवून गेला, आणि कारखान्याने बाळाराम मास्तरांना कोच केलं. बांधावर पेढे वाटले. हे पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढताना मला खिडकीतून दिसले. जे हवं होतं ते झालं होतं, आणि माणूस असा चढत होता की खांद्यावर पोतं आहे. वर येऊन ते आमच्या दारात आले नाहीत. समोरच्या बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले. जुबेदाभाभी इद्दतीत आहेत. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस बाईने घरातच राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. हे ह्यांना माहीत होतं. तरी उभे होते. मग दाराला म्हणाले, "युसूफ... मास्तर झाला रं कोच."

मी पदराला हात पुसत बाहेर आले. तेवढ्यात दाराआडून, अगदी जवळून, भाभींचा आवाज आला. "जाधवभाऊ, चुकलं त्यांचं, असंच म्हनायचं ना तुमाला?"

"भाभी," हे म्हणाले. पुडा दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा म्हणाले, "भाभी, त्यानं का केलं हुतं तसं?"

आतून कडीला हात लागल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "उजव्या बाजूला पलायचा तो रघू आठवतो तुमाला? गुडघा सुजला होता पोराचा. वरून सांगितलं, तर मास्तरांनी दुखनं थांबवायची सुई देऊन मैदानात उतरवला. तो लंगडत आत आला, तवा तुमी सगल्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी पन वाजवल्या. तो पोरगा मग, कमिटी बसायच्या आधी, आमच्या दुकानात काम मागायला आला होता. पायऱ्या चढताना कठडा धरतो. वय काय त्याचं... ह्यांना झोप नाय आली. बोल्ले, मास्तर सोन्यासारखा मानूस हाय, पोरांवर जीव टाकतो, पन त्याला कुनाला नको म्हनता येत नाय. ना वरच्यांना, ना पोरांना. त्याच्या हातात मी दुसरा पोरगा देनार नाय. आनि हे चारचौघांत बोल्लो तर मास्तरचं नाव जाईल. एकट्या जाधवला सांगीन."

ह्यांच्या हातातला पुडा तिरका झाला होता. मी तो काढून घेतला. "मग सांगितलं का न्हाई मला?" हे म्हणाले, अगदी हळू.

"तुमी विचारलं नाय, भाऊ."

त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. हे वरच्या पायरीवर बसले, त्या दाराकडे तोंड करून. पलीकडून बांगड्यांविना नुसती कपड्यांची सळसळ ऐकू आली, म्हणजे भाभीही खाली बसल्या असाव्यात. चहा ठेवावा म्हणून मी आत गेले, गॅस पेटवला, आणि तिथूनच ह्यांचा आवाज ऐकला. आयुष्यात कोणाचं वाक्य कधी पुरं होऊ न दिलेला माझा नवरा बंद दाराला म्हणत होता, "अजून काय काय म्हनायचा तो? सगळं सांगा, भाभी. मी मधी बोलत न्हाई."