पॉइंटकाकांची दुरुस्ती

पॉइंटकाका हिमालयाकडे पाठ करून उभे राहत. आम्ही पंचवीस-तीस मुंबईकर धापा टाकत चढून यायचो, समोर बर्फाची अख्खी रांग उघडी पडायची, आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून, बंद छत्री खांद्यावरून मागे रोखून एकेका शिखराचं नाव सांगत असायचा. मागे वळून बघायचं नाव नाही. पहिल्या वर्षी मी न राहवून विचारलं, "काका, तुम्ही नाही बघत?" तर म्हणाले, "बघतोय की. तुमची थोबाडं बघतोय. वर्षभर त्यांच्यावर काही दिसत नाही रे."

काका ठाकूरद्वारच्या एका वाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. घराणं जुनं, आजोबा-पणजोबा सगळे कचेऱ्यांतले कारकून. काका स्वतः एका खासगी कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दर मे महिन्यात ते कुमाऊंच्या डोंगरात एक ट्रेक न्यायचे. जाहिरात नाही, कंपनी नाही, एकाने दुसऱ्याला सांगायचं, एवढंच. वाटेत जिथे जिथे थांबून बघण्यासारखं काही असेल त्या जागेला ते 'पॉइंट' म्हणत, म्हणून ते पॉइंटकाका. खरं नाव निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

जाण्याआधी दोन महिने तयारी करून घ्यायचे. पाठीवर पाच किलो तांदूळ बांधायचा आणि आपापल्या इमारतीचा जिना रोज आठ वेळा चढायचा-उतरायचा. लिफ्टवाल्या दादरकरांची फार पंचाईत व्हायची. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत मी हा प्रकार सुरू केला तेव्हा शेजारच्या मावशींनी आईला हळूच विचारलं, "सतीशचं सगळं ठीक आहे ना गं?" आई म्हणाली, "हिमालयाक जाता." त्यावर मावशींनी जो चेहरा केला, तो बघून मी उरलेल्या फेऱ्या पहाटे मारायला लागलो.

पॉइंटवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोटो काढायचा नाही आणि काकांखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही, हा काकांचा नियम. कारण विचारलं तर म्हणायचे, "मुंबईच्या माणसाची नजर समोरच्या बिल्डिंगपर्यंत जाऊन थांबते. तिला लांब न्यायला दहा मिनिटं लागतात." एकदा लालबागच्या एका गृहस्थांनी तिसऱ्याच मिनिटाला "इथे एखादी खोली घ्यायची म्हटली तर..." अशी सुरुवात केली. काकांनी त्यांना उठवून मागे खेचरांपाशी नेऊन बसवलं आणि सांगितलं, "इथे बोला. यांना आवडतं."

सगळ्यांत वरचा पॉइंट म्हणजे मोठं गवताळ पठार. तिथून समोर ओळीने त्रिशूळ, मृगथुनी, मैकतोली आणि एकदम उजव्या टोकाला नंदादेवी. पहिल्याच वर्षी काकांनी तिथे बसून ही सगळी रांग शाईच्या पेनाने कागदाच्या लांबट पट्टीवर उतरवली होती. सोबतच्या घोडेवाल्याने दिलेली नावं डावीकडून क्रमाने लिहिली होती. ट्रेक संपला की प्रत्येकाला त्या पट्टीची एक झेरॉक्स मिळायची, खाली काकांची सही. गिरगावात, दादरला, परळला कितीतरी घरांत ती पट्टी काचेच्या फ्रेममध्ये आहे. आमच्याकडे ती देव्हाऱ्याच्या शेजारी आहे, आणि तिथे ती का आहे हे सांगायलाच हवं.

एका वर्षी आईच्या हृदयाचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं होतं. बाबा गिरणीतून केव्हाच बाहेर पडलेले, एका सोसायटीत वॉचमन होते. गावाला मालवणकडे जाण्यापलीकडे त्यांनी कधी प्रवास केला नव्हता. आईनेच त्यांना माझ्याबरोबर ट्रेकला पिटाळलं. "देवी आसा ना थंय? मगे जावा, आणि माझ्यासाठी गाऱ्हाणा घालून येवा." बाबांनी बॅगेतून नारळ नेला. पठारावर पोचल्यावर बूट काढले, उजव्या टोकाच्या त्या शिखरासमोर नारळ ठेवला आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. बायको बरी होऊ दे, दर वर्षी तुझी ओटी भरू. गाऱ्हाण्यात प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. तिथे मालवणी मी एकटाच, त्यामुळे बाबांनी आधी सगळ्यांना ते शिकवलं. ग्रुपमधले दादरचे एक डॉक्टरसुद्धा ओरडले. काका तेवढे गप्प होते. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. पण त्यांनी छत्रीने बाबांना ते शिखर आधी नीट दाखवलं होतं, "हीच, बरं का," म्हणून.

आई बरी झाली. पुढच्या वर्षी बाबांनी स्वतः जाऊन ओटी भरली. त्यानंतरच्या पावसाळ्यात बाबा गेले, अचानक, ड्युटीवरच. मग आईचे खण-नारळ दर मे महिन्यात काका नेऊ लागले. आई आठवडाभर आधी पिशवी भरून ठेवायची आणि काका ती स्वतःच्या सॅकमध्ये ठेवायचे, माझ्याकडेही देत नसत. देव न मानणारा माणूस सात वर्षं त्या उजव्या टोकाच्या शिखरापुढे बसून खण उलगडायचा, त्यावर नारळ ठेवायचा आणि परत आल्यावर आईला वर्दी द्यायचा, "वहिनी, पोचलं तुमचं."

आठव्या वर्षी ग्रुपमध्ये दादरची एक मुलगी होती, कॉलेजातली. दहा मिनिटं संपल्यावर तिने मोबाईल समोर धरला. डोंगरावर धरला की नावं दाखवणारं ॲप होतं तिच्याकडे. ती म्हणाली, "काका, हे काहीतरी वेगळंच सांगतंय. तुमची नंदादेवी म्हणजे नंदाकोट आहे. आणि तुम्ही मैकतोली म्हणताय ना, ती नंदादेवी."

काका मोबाईल घेऊन मागे वळले. छत्रीच्या टोकाने डावीकडून एकेक शिखर मोजलं. पहिल्या वर्षी रांगेतलं एक शिखर ढगात होतं. ते मोजण्यातून सुटलं आणि त्याच्या उजवीकडची नावं एकेक जागा सरकली. पुढे ते दिसायचं, कुणी विचारायचंही, पण "ते शेजारच्याचाच खांदा," असं काका ठोकून द्यायचे. पाठ करून उभा राहणारा माणूस, पुन्हा कधी मोजणार? त्यांनी घोडेवाल्याला हाक मारली. वीस वर्षं तो आमच्याबरोबर होता. "तुम्हें मालूम था?" घोडेवाला म्हणाला, "मालूम तो था, साहब। पर आप इतने प्यार से बताते थे। हमें लगा बंबई में यही नाम चलता होगा।"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. उतरताना मला एवढंच म्हणाले, "सतीश, ड्रॉइंग चुकलं रे."

मुंबईला आल्यावर त्यांनी कपाटातून एक लांब वही काढली. वीस वर्षांत ट्रेकला आलेल्या प्रत्येकाचं नाव-पत्ता तिच्यात होता. लाल पेन घेऊन ते घरोघरी निघाले. बेल वाजवायची, "जरा फ्रेम खाली काढा," म्हणायचं, मागचे खिळे पकडीने उपटायचे, पट्टी बाहेर काढायची. चुकीचं नाव ते खोडून काळं करत नसत. त्यावर एकच रेघ मारायचे, जुनं वाचता येईल अशी, आणि वर योग्य नाव. कोपऱ्यात छोटा त्रिकोण, आत एक आकडा, तारीख, सही. त्यांच्या धंद्यात नकाशा सुधारला की अशीच खूण करतात. "चूक दिसली पाहिजे. नाहीतर लोकांना वाटेल आपण पहिल्यापासूनच शहाणे होतो."

लोकांनी काय काय नाही ऐकवलं! परळच्या एका बाईंनी दारातूनच सांगितलं, "अहो, कोण जातंय तिथे तपासायला? सोन्यासारखी फ्रेम कशाला उसकटताय?" लालबागचे ते खोलीवाले गृहस्थ तर भांडलेच. त्यांनी नातीचं नाव नंदा ठेवलं होतं. आता काय कोट ठेवू का म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं आणि पट्टी सुधारूनच उठले. चार-पाच महिने हे चाललं होतं. तेव्हा त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, छातीत दुखायचं ते निराळंच. काकू मला फोन करायच्या, "तू तरी सांग रे, तुझं ऐकतील." माझं ते कशाला ऐकतायत?

सगळी घरं झाली, आमचं राहिलं. काकांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं हे मला कळत होतं. मी आधीच ठाकूरद्वारला जाऊन बसलो. म्हटलं, "काका, आमच्याकडे नको. आई त्या फ्रेमला रोज फूल वाहते. बाबांनी तिच्यासाठी केलेली ती एकच गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर असते. ती चुकीच्या पत्त्यावर गेली असं सांगायचं तिला?" मी पुढे रेटलं, "नंदाकोट म्हणजे तरी काय, नंदेचा किल्लाच ना? देवीचंच घर. एकच झालं."

"हे तुझ्या आईने म्हणायचं," काका म्हणाले. "तू नाही. आणि मी तर नाहीच."

मी रागाने उठून आलो. वाटलं, काय हा हट्ट. स्वतःचं ड्रॉइंग साफ राहावं म्हणून माझ्या आईचा आधार काढून घेतोय म्हातारा.

पुढच्या रविवारी सकाळी ते आले. चहा घेतला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी आईला सगळं सांगितलं, ढगापासून घोडेवाल्यापर्यंत, आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, त्यांना शिखर मी दाखवलं. सात वर्षं ओटी मी ठेवली. चूक सगळी माझी आहे."

आई उठून फ्रेमपाशी गेली. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांचा गाऱ्हाणा दुसरीकडेच गेला?"

"हो."

"आणि मी बरी झालंय."

"हो."

"मगे आयकल्यान कोणीतरी." आईने पदराने तोंड पुसलं. ती रडत होती, पण आवाज जागेवर होता. "आता असा करा काकानूं. येत्या वर्सापासून दोन ओटये न्या. एक खरी देवी आसा तिका. आणि जिची सात वर्सां भरलात, तिची बंद करू नका. तिका सवय झाली आसतली."

काकांनी खिशातून पकड काढली. मग फ्रेम उतरवली, रेघ मारली, त्रिकोण काढला. त्रिकोण वाकडा आला. ड्राफ्ट्समनचा त्रिकोण तो! पट्टी परत भिंतीवर गेल्यावर आईने मला खाली वाण्याकडे नारळ आणायला पिटाळलं. आमच्यात गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं. त्या दिवशी आईने घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या भल्या माणसाच्या हातसून न कळत चूक झाली. ती त्येना दारोदार जाऊन सांगितल्यान. तेका माफ कर रे म्हाराजा." मी साथ द्यायचं विसरलो. 'व्हय म्हाराजा' म्हणाले ते काका, एकटे, आणि दोनदा.

मे महिन्यात ते दोन पिशव्या घेऊन गेले. ग्रुप नव्हता, मी आणि ते दोघेच, बरंचसं अंतर जीपने. मी त्यांच्याशी आधी नीट बोलत नव्हतो याबद्दल माफी मागितली, तर म्हणाले, "पुढे बघ, दगड आहे." श्रावणात ते गेले. झोपेतच.

आई ठाकूरद्वारचे तीन जिने कठड्याला धरून चढली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी चाळीतून खालीही उतरत नाही. दहावा-बारावा झाल्यानंतरची गोष्ट. काकूंनी ती लांब वही माझ्या हातात दिली, "तुझ्याकडेच राहू दे." मी तिथेच बसून चाळली. जवळजवळ प्रत्येक नावापुढे लाल खूण होती. मधूनमधून आठ-दहा नावांपुढे खूण नव्हती. ती गेलेल्या माणसांची नावं होती. त्यांच्यापुढे काकांनी त्यांच्या त्या सरळ ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सांगायचं राहिलं.' बाबांच्या नावापुढेही तेच होतं.

मला ते मोठ्याने वाचवेना. आईने वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि त्या ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचली. मग वही मिटून माझ्याकडे दिली.

"आता भेटले आसतले थंय," ती म्हणाली. "सांगून झाला आसतला."