अख्खी वार

आमच्याकडं बाळाबरोबर पडलेली वार कुणी टाकून देत नाही. मडक्यात मीठ-हळद घालून घरी नेतात आणि परसात पुरतात, तीही अख्खी. थोडी जरी कमी पडली तरी बाळाला बाधतं म्हणतात. आणि माझं काम काय, तर त्याच वारेचा नखाएवढा तुकडा कापून घ्यायचा! बाळं पोटात किंवा जन्मताच का दगावतात, त्याचं मूळ आईबापाच्या गुणसूत्रांत आहे का, हे शोधणाऱ्यांसाठी मी धाराशिवकडच्या एका दवाखान्यात नमुने गोळा करते. तुकडा कुपीत घालून नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवायचा. तसला कॅन लोकांनी गुरांच्या डॉक्टरकडंच, कृत्रिम रेतनाच्या वेळी पाहिलेला. "वार्डात म्हैस आलीय का ताई?" असं विचारणारेही भेटलेत.

त्या दिवशी जळकोटकडची एक बाई कळा देतच आली. आधी काही विचारायला वेळच मिळाला नाही. मुलगी झाली, वार पडली. नमुना खराब व्हायच्या आत गोठवायला माझ्याकडं अर्धा तास होता. नवऱ्यानं संमतीचा कागद न वाचताच सही ठोकली होती आणि बाई ग्लानीत होती.

हे संशोधन चालवणाऱ्या शहरातल्या सरांना मी फोन लावला. बाईला विचारल्याशिवाय कापणार नाही म्हटलं.

"नवऱ्याची सही आहे ना? मग झालं. हा नमुना गेला तर तुम्हीही घरी बसा."

"वार नवऱ्याच्या पोटातून पडली नाही, सर," म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या बाळंतपणात मला न विचारता किती कागदांवर सह्या झाल्या, ते मी विसरलेले नाही. नोकरीची भीती होतीच, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता.

वीस मिनिटांनी बाईनं डोळे उघडले. मी कॉटशेजारी बसून तिला सगळं सांगितलं. नको म्हणालीस तरी चालेल, हेही सांगितलं.

मडकं घेऊन उभी असलेली सासू कडाडली, "हात लावू नगा! अख्खी पुरल्याबिगर लेकरू राहत न्हाय."

बाईनं मान वळवली. आवाज खोल गेलेला, पण स्पष्ट होता.

"आत्याबाई, मागच्या दोन येळेला अख्खीच पुरली की तुम्ही. कुठं राहिली लेकरं?"

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "घ्या ताई. कशानं जात्यात, ते तरी कळू द्या."

नवऱ्याच्या सहीचा कागद मी तिथंच फाडला. नव्या कागदावर तिनं आडवंतिडवं, पण स्वतःचं नाव लिहिलं. घड्याळात चार मिनिटं उरली होती. मी कात्री उचलली, तेवढ्यात सासू जवळ आली. तिनं मडकं खाली ठेवलं होतं.

"नखाएवढ्यानं काय कळतंय?" ती म्हणाली. "चांगला मोठा कापा."