बिनहवेची चाकं

"ही सायकल हाय का भरलं वांगं, ताई?"

"वांगं समजा. पण भरा."

"न्हाई भरायचो. मागून रिंग चेपली, आऱ्या तुटल्या, की गावभर हुईल, गहिनीनाथानं नर्सबाईची सायकल मोडली."

"मोडली तर मी मोडली म्हणेन. आता हे बघा." यशोधरानं पुढचं चाक उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. टायरच्या खाचांत सराट्याचे काटे बसले होते, चणे पेरावेत तसे. "हे फक्त आजचे. तुम्ही लावलेली ठिगळं मोजा. ट्यूब कमी आणि ठिगळं जास्त झालीत."

गहिनीनाथनं आपल्या पंक्चरच्या टपरीतल्या पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबली. तीन ठिकाणी बुडबुडे आले.

"म्हणून म्हणते, ट्यूबच नको. रद्दीतल्या ट्यूबा कापा, टायरात ठासून भरा. हवाच नसेल तर काटा काय काढील?"

"आगं, काटा लागायचा न्हाई, कबूल. पन जड किती हुईल? चढाला मांड्या भरून येतील. आन उताराला दगुड ना दगुड हाडात घुसंल. हवा म्हंजी गादी असती, गादी."

"गादीवर बसून मला कुठं जायचंय? मला बोरमाळला पोचायचंय."

बोरमाळचं नाव आलं तसा गहिनीनाथनं पान्हा हातात घेतला. वर्षापूर्वीची ती गोष्ट फाट्यावर सगळ्यांना माहीत होती.

यशोधरा श्रीरामपूरची. वडील रंभाजी साखर कारखान्यात कामाला. त्यांच्याच उंच सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून ती चालवायला शिकली. आई भिमाबाई दारातून ओरडायची, "गुडघे फुटले तर नवरा कोन करील?" गुडघे फुटले. नवराही मिळाला, पुढं तो मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. यशोधरानं त्यावर फार वेळ घालवला नाही. नर्सिंग केलं, डोंगराकडच्या आरोग्य केंद्रात नोकरी धरली आणि पगाराच्या पहिल्या फरकाच्या पैशांत जाड टायरची काळी रेंजर सायकल घेतली. आडव्या दांड्याची, पोरांची. पारावरच्यांनी विचारलं, "सिस्टर, लेडीज मिळाली न्हाई का?" ती म्हणाली, "मिळाली होती. ती डोंगर चढायला तयार नव्हती."

फाट्यावरच्या केंद्रापासून बोरमाळची वस्ती सात मैल. जीप जात नाही. लशीच्या डब्यात बर्फाची चार पाकिटं, ती दुपारपर्यंतच टिकतात. महिन्यातून एक बुधवार. गेल्या चैत्रातल्या बुधवारी अर्ध्या वाटेवर दोन्ही चाकं बसली. जवळचं ठिगळाचं सामान एका चाकाला पुरलं. दुसरं बसलेलंच, सायकल ढकलत ती पोचली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. लस टोचता येईना. पुढच्या महिन्याच्या बुधवारच्या आत वस्तीत गोवर शिरला आणि तिथल्या झुंबरबाईची दहा महिन्यांची नात गेली.

झुंबरबाई तिला एका शब्दानं बोलली नाही. ते यशोधराला जास्त लागलं.

गहिनीनाथनं संध्याकाळपर्यंत दोन्ही टायर भरले. गुडघा रोवून, शिव्या घालून. चाकावर बुक्की मारली तर दगडावर मारल्यासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. चढाला मांड्या भरून आल्या. गहिनीनाथ खोटं बोलला नव्हता. ओढ्यातल्या गोट्यांवर दात एकमेकांवर आपटले, मनगटं बधिर झाली. पण सराट्यांच्या माळावरून ती सरळ गेली, चाकाकडं एकदाही न बघता. टायरखाली काटे कडकड मोडत होते. तिला हसू आलं. एकटीच मोठ्यानं हसली.

साडेदहाला ती वस्तीवर. पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. अकरा आज्या अकरा पोरं घेऊन पिंपळाखाली बसलेल्या. तिनं डबा उघडला. बर्फ तसाच टणक. आणि त्यावर काचेचा चुरा. कॅरियरला बांधलेला डबा सात मैल आदळत आला होता. चार कुप्यांतल्या तीन फुटल्या होत्या.

एक कुपी म्हणजे पाच पोरं.

पाच जणांना टोचलं. उरलेल्या सहांकडं बघायचं तिला धाडस होईना. तेवढ्यात झुंबरबाई उठली. घरातून जुन्या लुगड्याची जाड घडी आणली आणि लशीचा डबा उचलून यशोधराच्या पाठीला लावला.

"गाडीवर कशाला बांधतीस? आमी तोडीला जाताना लेकरू काय गाडीच्या दांडीला टांगतो का? पाठुंगळी घे. हादरा अंगात जिरतो, लेकरापत्तूर जात न्हाई." तिनं लुगडं गुंडाळून यशोधराच्या छातीवर गाठ मारली, ओढून बघितली. "हां. आता सांग, उद्या येतीस ना?"

"येते," यशोधरा म्हणाली.

म्हणून गुरुवारी सकाळी ती डॉक्टरांच्या टेबलापुढं उभी होती. डॉक्टर नवे होते, माणूस वाईट नव्हता.

"लशीच्या सत्राचा दिवस काल होता, सिस्टर."

"सहा पोरं राहिलीत, सर."

"राहिली कशानं? तुमच्या त्या चाकांनी. ट्यूब घाला परत."

"ट्यूब घातली की काटा. काटा लागला की बर्फाचं पाणी. ते एकदा करून झालंय."

"मग बायकांना इकडं फाट्यावर बोलवा. मी तर म्हणतो, बोरमाळचं सत्रच बंद करू." त्यांनी रजिस्टर तिच्याकडं फिरवलं, पेन वर ठेवलं. "वाट अवघड म्हणून बंद, असं लिहितो. तुम्ही सही करा. तुमचाच त्रास वाचेल."

"सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या, काखेत पोर, सात मैल. त्यांचा त्रास कोणत्या रकान्यात लिहू?"

"सिस्टर, वाद नको."

"वाद कुठं घालतेय? डबा मागतेय."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकून शीतपेटीकडं हात केला. तिनं बर्फ भरला, दोन कुप्या कापसात गुंडाळून ठेवल्या. मग पिशवीतून ते लुगडं काढलं, डबा पाठीला घेतला.

"हे काय?"

"लेकरू."

"आणि तो डोंगर दर महिन्याला असा चढून तुमची पाठ धरली म्हणजे? मग कोण जाणार बोरमाळला? सांगा ना."

यशोधरानं छातीवरची गाठ ओढून पक्की केली. सही न करता रजिस्टर मिटलं, पेन त्यावर नीट आडवं ठेवलं, आणि बाहेर पडली.