बेड, बेडवा आणि गार्गीची बोटं

गाडी हलली तेव्हा आई रडत होती, अप्पा रागावले होते, आणि माझ्या खिशात विकून टाकलेल्या लेथच्या चकची चावी होती. या चावीशिवाय चक घट्ट होत नाही आणि मशीन कामाचा तुकडा धरत नाही. सवयीने खिशात घातली, ती तशीच निघाली बेंगळुरूला. मिरज यायच्या आत मशीन घेणाऱ्याचा फोन, "दादा, मशीन पोचलं, पण ते काहीच धरंना!" माझी बायको सुरेखा मघापासून डोळे पुसत होती, ती अशी हसत सुटली की समोरच्या सीटवरची माणसंही हसायला लागली. आमचं कऱ्हाड असं सुटलं.

निघताना अप्पा एवढंच म्हणाले होते, "पम्या, पोरीची बोटं सोडवायला चाललायस. तिथं स्वतःच गुंतून बसू नको."

पोरगी म्हणजे गार्गी. तेव्हा जेमतेम वर्षाची. जन्मतःच डाव्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी एकमेकांना चिकटलेली. हात पुढे केला की वल्हं पुढे आल्यासारखं वाटायचं. तिन्ही बोटं एका दमात सुटी करत नाहीत, दोन्हींच्या मधल्या अनामिकेचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, असं बेंगळुरूच्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी एक फट, मग काही महिन्यांनी दुसरी. मध्ये ड्रेसिंग, पट्ट्या, व्यायाम. प्रत्येक वेळी कऱ्हाडहून येणं म्हणजे निम्मं आयुष्य गाडीत. म्हटलं, जाऊन राहूच.

बिलाचा मोठा भाग एका ट्रस्टने उचलला, म्हणून गल्लीत तुम्हा सगळ्यांना वाटलं की यांचं फुकटात झालं. मंडळी, बिल हा त्यातला सोपा भाग. बिल निदान छापून मिळतं. माझा लेथ गेला, सुरेखाची बालवाडी गेली. कऱ्हाडात लोक मला शेठ म्हणायचे, इथे पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी 'ए मराठी' झालो. कंपनीचा विमा आहे म्हणून मी निघण्याआधी गावभर मिरवलो होतो. इथे विम्याच्या बाई गोड हसून म्हणाल्या, "जन्मजात आहे ना सर, ते यात नाही बसत." जन्मजात! जणू पोरीने जन्मण्याआधी अर्ज द्यायला हवा होता. प्रत्येक ड्रेसिंगला माझा एक खाडा, आणि खाड्यानंतर सुपरवायझरचं तोंड. तुमच्यापैकी कुणी अशाच कामासाठी इकडे यायच्या तयारीत असाल, तर हा खर्चही धरून चला. तो कुणी आधी सांगत नाही.

आणि माझ्यासारखं कन्नड बोलू नका.

दुसऱ्या ऑपरेशनची सकाळ. याच्या आधीच्या तारखेला गार्गीला सर्दी झाली आणि ऑपरेशन पुढे गेलं होतं. यावेळी पोरगी ठणठणीत, डॉक्टर हजर, माझी रजा कशीबशी मंजूर. आज हुकलं तर पुन्हा रजा नाही, असं सुपरवायझरने बजावलेलं. सुरेखा गार्गीला घेऊन बाकावर बसली आणि मी काउंटरवर गेलो. सिस्टर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. मला त्यातलं फक्त गार्गीचं नाव कळलं. मी ऐटीत म्हणालो, "बेड, अक्का, बेड!"

"बेडवा?" तिने विचारलं.

आहाहा, काय गोड भाषा! बेडला बेडवा म्हणतात. मी मान डोलावली, "बेडवा, बेडवा!"

"सरी," ती म्हणाली, आणि नाव खोडून फोन उचलला.

मी बाकावर येऊन सुरेखाला सांगितलं, "काय नम्र बाई आहे गं! बेड द्यायला वेळ लागतोय म्हणून सॉरीसुद्धा म्हणाली."

सुरेखा शेजारच्या लक्ष्मीअक्कांकडून रोज थोडं थोडं कन्नड शिकत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "अहो! बेडवा म्हणजे 'नको का?' तुम्ही नको म्हणून आलात! आणि सरी म्हणजे बरं!"

गार्गीला माझ्या मांडीवर टाकून ती धावली. "बेकू, सिस्टर, बेकू! पाहिजे, पाहिजे!"

सिस्टर हिंदीत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ये आदमी ही बोला ना, बेडा बेडा!"

तिला नवल वाटलं नव्हतं, हे मला अजून टोचतं. पुढचा खर्च आणि खेपा ऐकून काउंटरवरूनच पोरं कडेवर घेऊन परत जाणारे आईबाप तिने बरेच पाहिले असणार. त्यांच्या तोंडी 'बेडा', म्हणजे 'नको', खरं असतं.

आमचा बेड हासनहून आलेल्या एका मुलाला दिला होता. त्याच्या वडिलांनी बोचकं उचललंसुद्धा होतं. सुरेखाने घडलं ते सांगितलं, तसा तो गृहस्थ बोचकं खाली ठेवून पोट धरून हसला आणि सिस्टरला म्हणाला, "स्वल्प अडजस्ट माडी, अक्का." म्हणजे, जरा सांभाळून घ्या. दुपारी एक बेड रिकामा होईपर्यंत दोन्ही पोरं एकाच गादीवर बसली. ऑपरेशन त्याच दिवशी झालं. दोघांचंही!

परवा शेवटची पट्टी निघाली. आता वर्षातून एकदा दाखवायचं. अप्पांचा लगेच फोन, "झालं ना काम? मग या आता." अप्पा, रागावू नका, पण आम्ही राहतोय. सुरेखाला इथल्या बालवाडीत बोलावलंय, मलाही आता नवं मशीन हाताळायला देतात. आणि आता कारखान्यात कुणी मला 'ए मराठी' म्हणत नाही, 'बेडवा अण्णा' म्हणतात.

काल चिकपेटच्या बाजारात, गर्दीत, गार्गीने डाव्या हाताने माझा हात धरला. एरवी मीच तिचं मनगट पकडायचो, कारण त्या हाताला माझा हात नीट धरणं जमायचंच नाही. काल तिने आपली बोटं माझ्या बोटांच्या फटींतून घातली आणि गुंफून घेतली. मी भर रस्त्यात थांबलो. मागून एक हातगाडीवाला कन्नडमध्ये जे काही म्हणाला, ते मला नीट कळलं, आणि मी हसलो!

आई, दिवाळीला येतोय. स्टेशनवर तिला कडेवर घ्यायची घाई करू नकोस. नुसता हात पुढे कर, आणि बोटं जरा मोकळी ठेव. पुढचं ती करेल.