पुण्याच्या बाल्कनीतली मोहफुलं

पुण्यात चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत मी एकदा मोहफुलं वाळत घातली होती. शहाण्या बाईनं हे करू नये.

तेव्हा मी नुकती साठीला आलेली, म्हणजे अक्कल यायचीच होती! सुनेचे दिवस भरत आले म्हणून दिनेशनं, माझ्या मुलानं, नागपूरच्याही पलीकडच्या आमच्या मुर्री गावाहून बोलावून घेतलं. नेमका ऐन वेचणीचा हंगाम! अर्धवट सुकलेली फुलं टाकून कशी जाणार? पोतंभर बरोबर घेतली. खेड्यातली म्हणून पुणेकर हसतील, या भीतीनं बिल्डिंगभर सांगूनही टाकलं, "मी नागपूरची." (नागपूर मी पाहिलं ते रेल्वेच्या खिडकीतून!)

पोत्यात कोंडून फुलं आंबली होती. बाल्कनीत पसरताच वास जिन्यानं खाली उतरला आणि खालचे घरमालक वर चढले.

"आजी, दारू गाळताय?"

"नाही हो, ही फुलं आहेत, फुलं!"

"फुलांना असला वास? रविवारी घर खाली करा."

दिनेश पांढराफटक. "आई, नववा महिना चालू आहे तिचा! आता कुठी नेऊ तिले? कायले आणलं हे?"

मी गुपचूप पोतं भरायला घेतलं, तर दारात वॉचमन. बालाघाटचा. "अम्मा, महुआ है ना?" मूठभर तोंडात टाकली आणि गड्याचे डोळेच भरले. त्याच्यामागून डोंगरगढची कामवाली पदर पसरून हजर. समोरच्या बांधकामावरचे गवंडी तर आपल्या सालेकशाकडचे निघाले! ज्यांना मी इतकी भ्यायले, ते पुणेकर राहत होते तरी कुठं?

मग मी मोहाच्या पुऱ्याच तळायला बसले. (घर जायचंच होतं, तेल कोणासाठी वाचवू?) जिन्यात ही गर्दी! मालक ओरडत आले. मागोमाग काठी टेकत त्यांची म्हातारी आई. लिफ्टमध्ये भेटल्या की "आम्ही अस्सल पुण्याचे" असं ऐकवणाऱ्या त्या ह्याच!

त्यांनी पुरी हुंगली, तुकडा मोडून खाल्ला आणि लेकाला म्हणाल्या, "खाली जा. कोणी घर सोडून नाही राहिलं." बाप्पा, घर वाचलं! मालक मुकाट जिना उतरले.

मग माझ्याकडे वळल्या, "कायच्या नागपूरच्या वो तुम्ही? नागपूरवाली मोह पोत्यानं आणते का? मी बी मोहाच्याच मुलखातली, आमगावची होय. इतके वर्षं पुण्याची बनून राहिली, अन् तुमच्या पोत्यानं माह्यं बिंग फोडलं! आता तोंड काऊन पाहून राहिल्या? पुऱ्या वाढा!"