न्यायाधीशाचं वाक्य

मुलांच्या ॲपवरच्या तक्रारी निकाली काढायच्या, एवढंच त्याचं कंपनीतलं काम. घरी मात्र स्वारी स्वतःला न्यायाधीश म्हणवून घ्यायची. छळाविरुद्धच्या कायद्याचा मसुदा सरकारने कंपनीकडूनच लिहून घेतला, तेव्हा ‘टोपणनाव म्हणजे छळ नव्हे’ हे वाक्य त्याने घातलं आणि महिनाभर कॉलर ताठ करून हिंडला.

मग लेक शाळेत जाईना. अख्खा वर्ग तिला ॲपवर ‘पाल’ म्हणत होता.

“अगं, मग तक्रार करायची ना,” तो खेकसला.

“केली होती, बाबा.”

तिने फोन पुढे केला. उत्तर होतं: ‘तुमच्या भावना आम्ही समजतो. परंतु टोपणनाव म्हणजे छळ नव्हे.’

वाक्य काय झकास उतरलंय, हेच आधी न्यायाधीशांच्या मनात आलं. लाज त्यामागून, सावकाश आली.