डॉक्टरांनी बोलायला मनाई केली तेव्हा

सेलूच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत वीस वर्षं प्रार्थना मीच चालवत आलो. कुणाच्या घरी आजारपण असो, मयत असो की रविवारची उपासना, मी उभा राहिलो की शब्द आपोआप यायचे आणि लोक डोळे पुसायचे. त्याचा मला अभिमान होता, हे आज कबूल करतो. गेल्या वर्षी घसा बसला तो सुटेचना. परभणीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर स्वरयंत्रावर गाठ. ती काढून तपासायला पाठवली आणि पुढं सांगेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलं.

पहिले काही दिवस मी मनातल्या मनात प्रार्थना केली, पण तीही भाषणासारखीच व्हायची आणि माझी मलाच पोकळ वाटायची. गाठ वाईट निघाली तर, ही भीती होतीच. त्याहून वाईट म्हणजे, इतकी वर्षं देव ऐकत होता की मी फक्त माझाच आवाज ऐकत होतो, असा प्रश्न पडला.

एका सकाळी बायको भाकरी थापत होती. ती मंडळीत कधी मोठ्यानं प्रार्थना करत नसे, आणि त्यावरून मी तिला बरेचदा टोकलं होतं. त्या दिवशी नुसता बघत बसलो. पीठ मळताना, तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवताना तिचा चेहरा निवांत होता. बोलता येत नसल्यानं जवळ ठेवलेल्या पाटीवर मी खडूनं लिहिलं, 'प्रार्थना करतेस?'

"रोजच करते."

'काय मागतेस?'

"मागत काही न्हाई. तो हाय, म्हणून मी बी त्याच्यापाशी असते. मधीच मन भटकतं. मग 'प्रभू' म्हणते आन् परत येते."

'काम करता करता?'

"मग काय, भाकरी करपू द्यायची?"

तेव्हापासून मीही तसंच करून पाहिलं. डाळ निवडताना, अंगण झाडताना. मन सारखं रिपोर्टकडं धावायचं, मग मी मनातच 'प्रभू' म्हणून हातातल्या कामाकडं परतायचो. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. भीती गेली नाही, पण तिच्यापाशी मी एकटा उरलो नाही.

रिपोर्टच्या दिवशी बायकोला ताप होता, म्हणून एकटाच परभणीला गेलो. दवाखान्यात शेजारी झरी गावचे एक म्हातारे शेतकरी सुनेला घेऊन बसले होते. त्यांनी काही विचारलं, तेव्हा मी पाटी दाखवली: 'बोलायला मनाई आहे.'

"बरं, मग मी ध्यान ठेवतो. नाव काय तुमचं?"

मी नाव लिहिलं. तासाभरानं नर्सनं ते पुकारलं. मी हात वर केला, पण गर्दीत तिला दिसला नाही. ती पुढचं नाव घेणार, तेवढ्यात म्हातारे उठले.

"ओ बाई, थांबा. हे इथं हायेत. लय वेळचे बसलेत."

वीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी बोललो होतो. माझ्यासाठी कुणाला बोलावं लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं. आत जाताना माझे डोळे भरून आले.

गाठ साधी निघाली. बाहेर आल्यावर म्हाताऱ्यांचे आभार मानावेत म्हणून पाटीवर 'आभार' लिहिलं, पण ते फारच थोडं वाटलं, म्हणून पुसून टाकलं. शेवटी नुसते हात जोडले.

"राहू द्या," ते म्हणाले, "समजलं मला."

आता आवाज परत आला आहे, जरा घोगरा. मंडळीत प्रार्थना करतो, पण थोडक्यात. घरी पुष्कळदा शब्द सुचतच नाहीत. तेव्हा मी गप्प बसून राहतो, आणि त्याला समजलं असेल यावर विसंबतो.